आठ कानांचा डबा

ज्या माणसाबद्दल लिहायला बसलो आहे, त्याला मी जितका हसलो तितका आयुष्यात कुणालाच हसलो नाही. तोंडावर कधी नाही. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. पाठीमागे हसायचो आणि मग खोलीत जाऊन वाईट वाटून घ्यायचो. वाईट वाटून घेण्याची मला सवयच आहे. तास संपल्यावर फळा पुसायचा राहिला तरी पुढच्या शिक्षकाचा मी गुन्हेगार असल्यासारखं मला वाटत राहतं. तरीही सरांना हसणं सुटलं नाही, आणि हे लिहितानाही सुटणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

तुमसरच्या एका ज्युनियर कॉलेजात आम्ही दोघं शिकवायचो. ते फिजिक्स, मी गणित. ते मला सीनियर, आणि वर माझे घरमालक. म्हणजे दिवसा स्टाफरूममध्ये आणि संध्याकाळी जिन्यात, दोन्हीकडे मला मान खाली घालूनच चालावं लागे. सर माणसांना नावानं हाक मारत नसत, विषयानं मारत. "काय हो गणित, चहा झाला काय?" "मराठी आज सुट्टीवर आहे." "केमिस्ट्रीच्या घरी बारसं आहे, जायचं न?" प्राचार्यांचा विषय इतिहास. त्यांच्या केबिनच्या दारात उभं राहून "इतिहास आहे काय आत?" असं शिपायाला विचारणारा माणूस आमच्या कॉलेजात एकच होता.

इतरांच्या शर्टाच्या खिशात पेन असतो, सरांच्या खिशात ट्यूनिंग फोर्क असे, ठोकला की एकच सूर देणारा स्टीलचा काटा. बोलता बोलता तो काढायचा, पायातल्या बुटाच्या रबरी टाचेवर आपटायचा आणि समोरच्याच्या कानाशी धरायचा. भाजीवाली, एसटीचा कंडक्टर, बारशातलं बाळ, कुणालाही सूट नव्हती. बाळ रडायला लागलं तर सर खूश होऊन म्हणत, "पहा, कान शाबूत आहे पोट्ट्याचा."

अख्ख्या पुस्तकातला त्यांना आवाजाचा धडा आवडे, आणि त्यातही फक्त बीट्स. जवळजवळ सारखे पण किंचित वेगळे असे दोन सूर एकदम वाजले की आवाज लाटेसारखा चढतो आणि उतरतो, वाव-वाव-वाव, त्याला बीट्स म्हणतात. तेवढं शिकवताना सर देखणे दिसत. बाकीचं पुस्तक परीक्षेला येतं म्हणून शिकवत, आणि त्यांचा नाइलाज शेवटच्या बाकापर्यंत पोचे. त्यामुळे आमच्या मुलांना बीट्स उत्तम येत आणि वीज अजिबात येत नसे.

पेपर वाटताना ते मार्क मोठ्यानं वाचत. नापास मुलासाठी त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "तुझ्यापेक्षा हा फोर्क बरा. ठोकल्यावर आवाज तरी देते." वर्ग दरवर्षी हसे. मग एका वर्षी त्यांची मुलगी त्यांच्याच वर्गात आली, फिजिक्समध्ये नापास झाली, आणि सरांनी तत्त्व म्हणून तिचेही मार्क मोठ्यानं वाचले आणि तत्त्व म्हणून ते वाक्यही म्हटलं. वर्ग नेहमीपेक्षा जास्त हसला. स्टाफरूममध्ये सरांनी हे अभिमानानं सांगितलं. "आपल्याकडे भेदभाव नाही बावा."

त्या दिवसापासून प्रणालीनं बापाला आवाज देणं बंद केलं.

पावसाळा गेला, दिवाळी गेली, ती बारावीत गेली. आईशी बोलायची, गल्लीतल्या पोरांशी बोलायची, माझ्याशी तर भरपूर बोलायची. बापाशी नाही. सर खोलीत आले की ती कानांवर हेडफोन चढवायची आणि मोबाईलवर लढाईचा तो खेळ सुरू करायची, ज्यात विमानातून उडी मारून शेवटपर्यंत जिवंत राहायचं असतं. गल्लीतले तीन पोट्टे घेऊन तिनं टीम केली होती आणि ती कॅप्टन होती. सरांचा बाहेरचा रुबाब तसाच होता, पण जिन्यात ते मला थांबवून विचारत, "आज काही म्हणली काय माझ्याबद्दल? एखादा शब्द?" त्यांना खरोखरच एवढंच हवं होतं. एक शब्द. शिवी असती तरी चाललं असतं. माफी मागणं हा उपाय त्यांना सुचला नाही, कारण तो फिजिक्सच्या पुस्तकात नाही.

त्याऐवजी त्यांना दुसराच उपाय सापडला. कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी पाहिलं की परदेशातली पोरं अशा खेळांच्या स्पर्धेआधी कानात विशिष्ट आवाज लावून बसतात. डाव्या कानात एक सूर, उजव्या कानात किंचित वेगळा सूर, आणि मग डोक्यात आपोआप तिसरीच लाट तयार होते. त्या लाटेनं म्हणे मन शांत होतं, नाहीतर तापतं, नाहीतर सुईसारखं टोकदार होतं. जसा आवाज निवडाल तसं.

सर माझ्या खोलीत धावत आले. "गणित! बीट्स! साऱ्या दुनियेले आता समजलं, मी पंचवीस वर्षांपासून काय शिकवून राहिलो ते! जे बाहेर कुठेच नाही, ते डोक्यात तयार होते!"

हे आमच्या स्टाफरूमच्या बाबतीत मला फार आधीपासून माहीत होतं. पण मी म्हणालो, "वा सर."

इथे माझाही थोडा हात आहे. मी तेव्हा "वा सर" म्हणालो नसतो, तर पुढचं काही झालं नसतं असं मला अनेक वर्षं वाटत होतं. आता वाटत नाही. सरांना "वा" ऐकू यायला समोर कुणी असावंच लागे असं नाही.

त्यांनी कॉम्प्युटरवर तीन ट्रॅक बनवले. "निर्भय", "एकाग्र" आणि "झडप". वैद्यासारखी पथ्यंही सांगितली. ऐकताना काही चावायचं नाही, जबडा हलला की लाट मोडते. डावा हेडफोन उजव्या कानाला लावला तर परिणाम उलटा होईल, मग कंपनी जबाबदार नाही. कंपनी म्हणजे ते स्वतः. मुलीला देण्याआधी चाचणी हवी म्हणून त्यांनी स्टाफरूम ताब्यात घेतली. "निर्भय" मराठीच्या मॅडमना ऐकवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"पहा, भीती बाहेर पडून राहिली," सर म्हणाले.

"सर, मोबाईल रिक्षात राहिला जी माझा, म्हणून रडून राहिली मी," मॅडम म्हणाल्या.

"एवढं सांगायची हिंमत आली न? तोच परिणाम."

"झडप" माझ्यावर लावला. डोळे मिटून बसलो. कानात डासांच्या दोन टोळ्या भांडत असल्यासारखं वाटलं.

"काय वाटते?"

"सर, लघवीला जावंसं वाटून राहिलं."

"शरीर तयारीत आलं!" सर टेबलावर थाप मारून म्हणाले. असा संशोधक हरणं शक्यच नसतं.

ट्रॅक मुलीपर्यंत पोचवण्याचं काम माझ्याकडे आलं. सर पेनड्राइव्ह माझ्या हातात देत, मी तो खालच्या खोलीत नेऊन देई. चार दिवसांनी प्रणाली मला जिन्यात गाठून म्हणे, "काका, सांगा तुमच्या सरांले, भिकार आहे. त्यापेक्षा मिक्सर ऐकलेला बरा." मी वर जाऊन सांगे, "सर, कॅप्टनला आवडलं. थोडा बदल हवा म्हणते." सर आनंदानं तोच ट्रॅक अजून मोठ्या आवाजात बनवत. बाप-लेकीत मी अशी गोडी राखत होतो.

मग एक दिवस सरांच्या लक्षात आलं की हे सूर परके आहेत. "आपल्या पोट्ट्यांच्या मेंदूले आपला सूर पाहिजे," ते म्हणाले. आपला सूर शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. घर राईस मिलच्या मागच्या गल्लीत होतं. मिलची घरघर भिंतीतून, खाटेतून, ताटातल्या वरणातूनही येई. मी माझ्या गावाहून, सिहोऱ्याहून, इथे राहायला आलो तेव्हा पहिला आठवडा डोळ्याला डोळा लागला नाही. पुढे उलटं झालं. सुट्टीत सिहोऱ्याला गेलो की घर इतकं गप्प वाटे की झोपच येईना. सरांचे वडील त्याच मिलमध्ये पट्ट्यावर काम करून निवृत्त झालेले. टीममधल्या तिन्ही पोरांचे वडील अजून तिथेच होते. त्या घरघरीच्या तालावर ती अख्खी गल्ली जन्मली आणि वाढली होती.

सरांनी खिडकीत माईक धरून मिल रेकॉर्ड केली. डाव्या कानात मिल, उजव्या कानात किंचित जलद केलेली मिल. माईकवर बसलेला कोंडा फुंकत ते म्हणाले, "जगात असा ट्रॅक कोणापाशीच नाही." यात मात्र त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं.

त्याच सुमारास भंडाऱ्याला एका मंगल कार्यालयात त्या खेळाची जिल्हास्तरीय स्पर्धा जाहीर झाली. गोंदिया वेगळा झाल्यापासून जिल्हास्तरावर पोचणं तसं सोपं झालं आहे. निम्मे प्रतिस्पर्धी परजिल्ह्यात गेले. प्रणालीनं टीमचं नाव नोंदवलं. सरांनी लॅबमध्ये बसून एक लाकडी डबा तयार केला. आत जुना ॲम्प्लिफायर. चार मोबाईलच्या वायरी एका बाजूनं आत, चार हेडफोन दुसऱ्या बाजूनं बाहेर. कानात खेळाचा आवाज येणार आणि त्याच्याखाली सरांचा सूर. खेळाचा आवाज वायरींतून सरळ जाई, सूर मात्र विजेवर चालायचा. त्यावर सरांनी पांढऱ्या रंगानं "आठ कान" असं लिहिलं, आणि कुणी उचलून नेऊ नये म्हणून खाली कॉलेजचं नाव.

प्रणालीनं डबा पाहिला आणि तोंड फिरवलं. पण तिचे तिन्ही शिलेदार बारावी सायन्सचे होते. त्यातला एक माझ्यादेखत तिला म्हणाला, "लाव न वं माय. प्रॅक्टिकलचे मार्क सरांच्या हाती आहेत आमचे. तुह्या घरच्या भांडणात आम्हाले कायले मारतं?"

तिनं हेडफोन घेतला. सरांच्या हातून नाही. सरांनी पुढे केलेला तो मी घेतला आणि माझ्या हातून तिनं घेतला.

कार्यालयात लग्नाच्या खुर्च्या तशाच होत्या, मागच्या लग्नाची फुलंही. टेबलं मांडून टीम बसल्या. सर आमच्या टीमच्या मागे डबा मांडीवर घेऊन बसले, नवरदेवाच्या मामासारखे. पहिली फेरी सुरू झाली. सरांनी बटण दाबलं.

आमची टीम इतकी शांतपणे खेळली की पाहणाऱ्यालाही शांत वाटावं. एक पोट्टा पॅराशूटनं तळ्यात उतरला आणि तिथेच पोहत राहिला. दुसऱ्यानं भर गोळीबारात जांभई दिली. तिसऱ्याची मान हळूहळू छातीवर आली. खुद्द प्रणालीचे डोळे जडावले होते आणि ती सारखे गाल चोळत होती. टीम जवळजवळ शेवटून पहिली आली.

"थंडपणा पाहिला?" सर माझ्या कानात म्हणाले. "बाकीचे कसे घाबरून खेळून राहिले!"

मला तेव्हा कळलं. आणि कळूनही मी बोललो नाही, कारण मलाही पेंग आली होती. डब्यातून थोडी मिल बाहेर झिरपत होती आणि मी तिच्या बाजूलाच बसलो होतो. आमच्या गल्लीत पाळण्यातल्या पोराला थोपटायची गरज नसते. मिल सुरू असली की ते झोपतं. लढाईवर निघालेल्या चार पोरांना सर त्यांच्या जन्मापासूनची अंगाई ऐकवत होते. ज्याला जगातला प्रत्येक सूर कळत होता, त्याला आपण रोज कशावर झोपतो हे कळलं नव्हतं.

दुसरी फेरी अर्ध्यावर आली आणि कार्यालयाची लाईट गेली. पंखे थांबले. मोबाईल आपापल्या बॅटरीवर चालू होते, खेळ चालूच होता. बंद पडला तो फक्त डब्यातला सूर.

चारही पोरं एकदम ताठ झाली. चौघांच्याही माना वर आल्या, डोळे टक्क उघडले. एकानं तर नकळत दाराकडे पाहिलं. तुमसरच्या त्या गल्लीत न राहिलेल्या माणसाला याचा अर्थ कळणार नाही. मिल अवेळी थांबली की गल्लीतलं प्रत्येक माणूस जागं होतं. बायका हातातलं टाकून दारात येतात. लाईट गेली असेल, नाहीतर पट्टा तुटला असेल, नाहीतर त्या पट्ट्यात कुणाचा हात गेला असेल. आतून कुणीतरी ओरडून कारण सांगेपर्यंत कुणी श्वास सोडत नाही. ती चार पोरं त्या फेरीत श्वास न सोडता खेळली. पानाची सळसळ ऐकत होती, गवतातला माणूस हेरत होती. फेरी जिंकली.

लाईट आली. सरांनी डबा छातीशी धरला. "आला न परिणाम! उशिरा येते, पण येते!" आणि शेवटच्या फेरीसाठी त्यांनी आवाजाचं बटण अजून पुढे फिरवलं.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रॅक्टिकलचे मार्क आठवून खाली पाहिलं. प्रणाली माझ्याकडे वळली. "काका, सांगा न यांले, बंद करा म्हणा."

मी सवयीनं सुरुवात केली. "सर, ती म्हणते, फारच उत्तम आहे, फक्त किंचित—"

"वाढवू?" सर म्हणाले, आणि त्यांनी वाढवलं.

प्रणालीनं हेडफोन ओरबाडून काढला आणि खुर्चीसकट मागे वळली.

"बाबा! बंद करा न ते! झोप येऊन राहिली मले! मिल लावून ठेवली कानात! घरी काय कमी ऐकतो काय आम्ही?"

सारं कार्यालय आमच्याकडे बघू लागलं. सरांचा हात बटणावर तसाच राहिला. नंतर त्यांनी ते बटण फिरवलं, इतक्या हळू, की जणू आत झोपलेलं कुणी उठेल. वायरी काढल्या. डबा खुर्चीखाली सरकवला. आणि भिंतीकडे तोंड करून ते उभे राहिले ते शेवटची फेरी संपेपर्यंत. टीमचा एकूण दुसरा नंबर आला. पोट्टे नाचत होते. मी सरांच्या खांद्याला हात लावून म्हणालो, "सर, दुसरे आले."

"कोण?" सर म्हणाले. मग डोळे पुसून, "गणित, तुम्ही ऐकलं न? नक्की 'बाबा' म्हणली न?"

"हो सर. सगळ्यांनी ऐकलं."

"म्हणजे ट्रॅकनं काम केलं."

आजही सर कुठे भेटले आणि तो विषय निघाला, तर त्यांचा निष्कर्ष हाच असतो. पोरीनं इतके महिने तोंड उघडलं नव्हतं, आणि एका ट्रॅकनं भर सभेत उघडलं. याच्याविरुद्ध मला अजून पुरावा सापडलेला नाही.

परतताना एसटीत गर्दी होती. प्रणालीला खिडकीजवळ जागा मिळाली, आणि तिच्या शेजारची एकच जागा रिकामी होती. सर डबा घेऊन तिथे असे बसले की जणू तिकीट तपासायला कुणी येणार आहे. मी त्यांच्या मागच्या सीटवर. गाडी भंडाऱ्याबाहेर पडली आणि ती बोलायला लागली. एकदा सुरू झाली ती थांबेचना.

"ते पहिलं होतं न, निर्भय का काय. ते ऐकून त दात दुखते."

"हो?" सर म्हणाले.

"आन त्या झडपमध्ये मधात कोणी खोकलते."

"मीच."

"त मग काढायचं न ते! किती वेळा सांगून पाठवलं मी. भिकार आहे म्हणून."

सर सावकाश मागे वळले. "गणित, तुम्ही त म्हणत होते, कॅप्टनले आवडलं."

तीही वळली. मी बाहेरचे धानाचे बांध फार बारकाईनं पाहत होतो.

"सर, मी जरा राउंड ऑफ केलं," मी म्हणालो.

दोघंही एकाच वेळी, एकाच पद्धतीनं नाकानं हसले. बाप-लेक आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. माझ्या इतक्या महिन्यांच्या मध्यस्थीनं जे जमलं नव्हतं, ते माझ्या फजितीनं जमलं, एवढंच माझं त्यातलं योगदान.

मोहाडी गेल्यावर ती गप्प झाली. आता पुन्हा हेडफोन चढतात की काय म्हणून सर समोर बघत बसले होते. तिनं जांभई दिली, डोकं खिडकीला टेकवलं आणि विचारलं, "घरी भाजी कोणती आहे?"

हा प्रश्न आपल्याला आहे, हे सरांना कळायलाच वेळ लागला. कळल्यावर ते घाईनं मागे वळले. "गणित, तिले सांगा—"

"तुम्हीच सांगा, सर."

सरांना अर्थातच माहीत नव्हतं. कोणत्या माणसाच्या मेंदूत कोणती लाट हवी हे सांगणाऱ्या त्या गृहस्थाला आपल्या चुलीवर काय शिजतंय याचा पत्ता नव्हता. त्यांनी खिशातून फोन काढला, फोर्क खाली पडला, तो तसाच पडू दिला, आणि बायकोला फोन लावला.

"भाजी कोणती आहे आज? ... मी नाही, मी कायले विचारू. ती विचारून राहिली. ... मले. ... हाव, मलेच विचारलं. इथेच बसली बाजूले."

मग बराच वेळ ते नुसतं ऐकत राहिले. पलीकडून काही आवाज येत होता की नाही, मला सांगता येणार नाही. शेवटी त्यांनी फोन खाली घेतला.

"वांगे."

"परत वांगे?" प्रणाली वैतागून म्हणाली.

"हाव न, परत वांगे!" सर म्हणाले, आणि इतक्या आनंदानं म्हणाले की पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून त्यांच्या घरी काय मंगल कार्य आहे ते विचारलं.